घरात दाटी किती, खोल्या शिल्लक किती? जनगणनेच्या तक्त्यांतून मोजायची रीत

मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. कोपऱ्यात मोरी, मोरीला लागून ओटा, भिंतीला लोखंडी कॉट, कॉटखाली ट्रंका आणि डोक्यावर पोटमाळा. या खोलीत तिघं राहोत की नऊजण, जनगणनेच्या तक्त्यात ती ‘एक खोली’. ठाण्यातल्या टॉवरमधला चारशे फुटांचा दिवाणखानासुद्धा ‘एक खोली’च. एवढं ध्यानात ठेवून सुरुवात केली तर पुढचा हिशेब अवघड नाही. तो त्रैराशिकाच्या पलीकडे जात नाही. घोळ होतो तो हिशेबाच्या आधी, शब्दांच्या व्याख्यांमध्ये. म्हणून तिथेच जरा जास्त वेळ थांबू.

आधी ‘खोली’ आणि ‘कुटुंब’ नीट समजून घ्या

आपल्या जनगणनेत राहण्याची खोली म्हणजे भिंती, दार आणि छप्पर असलेली, माणूस आडवा होऊ शकेल अशी जागा. लांबी किमान २ मीटर, रुंदी किमान दीड मीटर आणि उंची २ मीटर. म्हणजे ३ चौरस मीटरची खुराडीवजा जागाही खोली ठरते आणि तिच्या जवळपास पाचपट मोठी बीडीडीतली खोलीही तेवढीच मोजली जाते. हॉल, बेडरूम, जेवणाची खोली, अभ्यासाची खोली, नोकराची खोली हे सगळं यात येतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास, अडगळीची खोली, बोळ आणि व्हरांडा येत नाही.

या व्याख्येनं चाळीतल्या बऱ्याच गोष्टी गळतात. पोटमाळ्यावर दोन पोरं रात्रभर झोपत असली तरी त्याची उंची दोन मीटर नसेल, तर तो खोली नाही. मधोमध दोरीवर जुनं लुगडं टाकून नव्या जोडप्याला आडोसा करून दिला असेल, तर लुगडं ही भिंत नव्हे. दुकानातच संसार थाटला असेल, तर ती दुकानाची जागा राहण्याची खोली म्हणून धरत नाहीत.

खरी मेख स्वयंपाकघराची आहे. नुसतं स्वयंपाकघर मोजायचं नाही, पण स्वयंपाक, जेवण आणि झोपणं सगळं एकाच जागेत होत असेल, तर ती राहण्याची खोली. आता एक खोली आणि स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. आजी रात्री ओट्याखाली अंथरूण टाकते. घरच्यांनी सांगितलं, ‘आत स्वयंपाकघर आहे,’ तर खोली एक. सांगितलं, ‘आत आजी झोपते,’ तर खोल्या दोन. घरात सहा माणसं असतील तर एका उत्तरानं खोलीमागे सहा माणसं होतात, दुसऱ्यानं तीन. घर तेच, आजी तीच, अंथरूणही तेच. पुढं कुठल्याही तक्त्यातला आकडा दशांशापर्यंत नेमका दिसला, की ही आजी आठवा.

आता कुटुंब. जनगणनेत रक्ताच्या नात्यापेक्षा चूल महत्त्वाची. सहसा एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. म्हणून एका खोलीत राहणाऱ्या दोन भावांचे स्टो वेगळे झाले, की कुटुंबं दोन होतात. मग त्या खोलीचं काय करायचं? नियम असा, की सामायिक खोली कोणाच्याच नावावर धरायची नाही. दोघांकडे तेवढी एकच खोली असेल, तर दोघांपुढे शून्य लिहायचं. तक्त्यात हे ‘स्वतंत्र खोली नाही’ या रकान्यात दिसतं. २०११ च्या जनगणनेत देशातली ३.९ टक्के कुटुंबं या रकान्यात होती. एकूण कुटुंबं २४.६७ कोटी, म्हणजे ही सुमारे ९६ लाख झाली.

या शून्यानं भल्याभल्यांची फजिती होते. माणसं भागिले खोल्या करायला गेलं, की एक्सेल त्या ओळीत चूक दाखवतं. मग घाईत माणूस ती ओळच उडवतो. म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःची म्हणावी अशी एक खोलीही नाही, तीच कुटुंबं दाटीच्या हिशेबातून बाहेर जातात. शून्य खोलीची कुटुंबं भागाकाराला न लावता थेट ‘दाटी’ या खात्यात टाका. दुकानात प्रशस्त राहणारं एखादं कुटुंब त्यात उगीच येईल, तेवढं चालवून घ्या.

तक्ते कुठले उतरवायचे

लोकसंख्या मोजण्याआधी जनगणनेचा एक वेगळा टप्पा असतो, घरयादी आणि घरगणनेचा. खोल्या, भिंती, छप्पर, नळ, संडास, घरात विवाहित जोडपी किती, हे सगळं तेव्हा विचारतात. २०११ च्या जनगणनेचा हा टप्पा २०१० मध्ये झाला. जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याच्या एक्सेल फायली फुकट मिळतात.

तुम्हाला दोन प्रकारच्या फायली लागतील. पहिली घरयादीच्या प्राथमिक गोषवाऱ्याची. ती अगदी गाव आणि वॉर्डापर्यंत जाते, पण तीत खोल्यांची टक्केवारी वेगळी आणि कुटुंबातल्या माणसांची टक्केवारी वेगळी असते. कुठलं मोठं कुटुंब किती खोल्यांत राहतं, ते त्यातून कळत नाही. दुसरी फाईल माणसांची संख्या आणि खोल्यांची संख्या यांच्या आडव्या-उभ्या तक्त्याची. ही खरी कामाची, पण वॉर्डापर्यंत ती उतरत नाही. फायलींची यादी चाळताना मथळ्यात ‘राहण्याच्या खोल्या’ आणि ‘कुटुंबाचा आकार’ हे दोन्ही उल्लेख एकत्र आहेत का, ते बघा.

उतरवलेली मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा आणि काम नकलेवर करा. शिळा सल्ला आहे, पण तो न पाळल्यामुळे मी एकदा दोन दिवसांचं काम पुन्हा केलंय.

माप कुठलं लावणार?

दाटी म्हणजे काय, हे जनगणना सांगत नाही. ती फक्त माणसं आणि खोल्या मोजते. फूटपट्टी तुम्ही आणायची आणि ती कुठली आणली ते लिहून ठेवायचं.

सर्वांत साधी पट्टी संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेची, म्हणजे यूएन-हॅबिटॅटची. एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं, तर दाटी. आपल्याकडच्या तक्त्यांना ती लगेच लागू करता येते.

युरोपातली पट्टी घरच्यांची नाती आणि वयं बघते. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या, म्हणजे युरोस्टॅटच्या हिशेबात घराला एक सामायिक खोली, प्रत्येक जोडप्याला एक, अठरा वर्षांवरच्या प्रत्येक एकट्या माणसाला एक, बारा ते सतरा वयाच्या एकाच लिंगाच्या दोघांत एक आणि बारा वर्षांखालच्या दोघांत एक. इंग्लंड-वेल्समध्ये मोजतात त्या फक्त झोपायच्या खोल्या. जोडप्याला एक, एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एक, दहा ते वीस वयाच्या एकाच लिंगाच्या दोघांना एक, लहान मुलांची जोडी लावून एक. गरजेपेक्षा खोली कमी असेल तर उणे एक, जास्त असेल तर अधिक एक. २०२१ च्या तिथल्या जनगणनेत ४.३ टक्के कुटुंबं उणे बाजूला होती, म्हणजे सुमारे ११ लाख. ६८.८ टक्के कुटुंबांकडे निदान एक बेडरूम शिल्लक होती.

ही पट्टी आपल्या घराला लावून बघा. आजी, नवरा-बायको, चौदा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सव्वीस वर्षांचा अविवाहित दीर. इंग्लंडच्या नियमानं जोडप्याला एक, आजीला एक, दिराला एक, मुलीला एक, मुलाला एक. झाल्या पाच बेडरूम. युरोस्टॅटच्या नियमानं सामायिक खोलीसकट सहा खोल्या. एका खोलीच्या घराला ‘उणे चार’ असा शेरा मिळेल, आणि परळपासून परभणीपर्यंत जवळजवळ सगळेच उणे निघतील. नातीनं आजीच्या कुशीत झोपणं ही आपल्याकडे अडचण समजत नाहीत. ज्या पट्टीवर सगळेच नापास होतात, ती पट्टी गल्लीगल्लीतला फरक दाखवू शकत नाही. म्हणून ती तुलनेपुरती ठेवावी, असं माझं मत.

आपल्याकडे जोडप्याची पट्टी जास्त बोलते. नागरी घरटंचाईचा अंदाज काढणाऱ्या केंद्र सरकारच्या तांत्रिक गटानं २०१२ मध्ये ती वापरली होती. घरातल्या एखाद्या तरी विवाहित जोडप्याला स्वतंत्र खोली नसेल, तर दाटी. त्या गटानं शहरांतली टंचाई १.८७८ कोटी घरांची काढली. त्यात १.४९९ कोटी वाटा एकट्या दाटीचा होता. बेघर कुटुंबांचा वाटा ०.०५३ कोटी, म्हणजे ५.३ लाख. घरटंचाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फुटपाथ येतो. आकडा मात्र बहुतेक चार भिंतींच्या आतलाच होता.

फक्त टक्केवारी हातात असेल तर

वॉर्डपातळीवर तुमची गाठ अशाच आकड्यांशी पडणार. रीत समजावी म्हणून २०११ चे देशाचे आकडे घेऊ. तुमच्या वॉर्डाचे आकडे त्याच जागी घाला.

खोल्या: स्वतंत्र खोली नाही ३.९ टक्के, एक खोली ३७.१, दोन ३१.७, तीन १४.५, चार ७.५, पाच २.६, सहा किंवा जास्त २.८.

माणसं: एकटं माणूस ३.७ टक्के, दोघं ९.७, तिघं १३.६, चौघं २२.७, पाच जण १८.८, सहा ते आठ २४.९, नऊ किंवा जास्त ६.६.

पहिल्यांदा सरासरी काढून बाजूला ठेवा. शंभर कुटुंबांमागे खोल्या: ३७.१ अधिक ६३.४ अधिक ४३.५ अधिक ३० अधिक १३ अधिक १६.८, म्हणजे सुमारे २०४. शेवटच्या गटाला सहाच खोल्या धरल्यात. १२१ कोटी लोकसंख्येला २४.६७ कोटी कुटुंबांनी भागलं तर कुटुंबामागे ४.९ माणसं, शंभर कुटुंबांत ४९०. म्हणजे खोलीमागे २.४ माणसं. तीनच्या आत आहे, मग दाटी नाही का? इथंच सरासरी फसवते. एका खोलीत सहाजण आणि शेजारच्या सहा खोल्यांच्या बंगल्यात दोघं, असं असलं तरी सरासरी खोलीमागे सव्वा माणसाच्या आतच येते. सरासरी निबंधाच्या पहिल्या ओळीपुरती.

आता कामाची युक्ती. तीनपेक्षा जास्त माणसं ही कसोटी. ज्यांच्याकडे एक खोली आहे किंवा तीही नाही, अशी कुटुंबं ४१ टक्के. तीन किंवा कमी माणसांची कुटुंबं ३.७ अधिक ९.७ अधिक १३.६, म्हणजे बरोबर २७ टक्के. समजा, देशातली झाडून सगळी छोटी कुटुंबं याच एका खोलीत कोंबली. तरी ४१ मधून २७ गेले, १४ उरले. म्हणजे काहीही केलं तरी निदान १४ टक्के कुटुंबं चार किंवा जास्त माणसांनिशी एका खोलीत किंवा तिच्याहून कमी जागेत राहत होती. कमाल मर्यादा ४१ टक्के. दोन किंवा जास्त खोल्यांत दाटीनं राहणारी कुटुंबं यात धरलेलीच नाहीत, ती वेगळी.

याला अंदाज म्हणू नका, ही हमी आहे. ‘आमच्या वॉर्डात निदान इतकी कुटुंबं’ असं छातीठोकपणे म्हणता येतं, कारण आपण कुठलंही गृहीतक घुसडलेलं नाही. एक्सेलमध्ये ‘एक किंवा कमी खोल्या’ वजा ‘तीन किंवा कमी माणसं’ हा रकाना करा. उत्तर उणे आलं तर शून्य लिहा आणि सूत्र सगळ्या वॉर्डांना ओढून लावा. जिथं खोल्या कमी आणि कुटुंबं मोठी, ते वॉर्ड आपोआप वर येतात.

हीच युक्ती शिल्लक खोल्यांना लावली तर पंचाईत होते. समजा, दोन किंवा कमी माणसांकडे तीन किंवा जास्त खोल्या, तर खोली शिल्लक. दोन किंवा कमी माणसांची कुटुंबं १३.४ टक्के, तीन किंवा जास्त खोल्यांची २७.४ टक्के. दोघांची बेरीज शंभरापर्यंत पोचतच नाही, म्हणून किमान मर्यादा शून्य. कमाल १३.४. ‘शून्य ते साडेतेरा’ या उत्तराचं कोणी काय करावं? दाटी अशा तक्त्यांत लपत नाही, रिकामी खोली मात्र सहज लपते. तिच्यासाठी आडवा-उभा तक्ताच हवा.

आडवा-उभा तक्ता मिळाला तर

ओळींत माणसं, रकान्यांत खोल्या. प्रिंट काढा आणि लाल-हिरव्या पेन्सिलीनं चौकोन रंगवा. मी अजूनही आधी कागदावरच करतो, चुका लगेच दिसतात.

शून्य खोल्यांचा रकाना सगळा लाल. एका खोलीच्या रकान्यात चार माणसांपासून खाली लाल. दोन खोल्यांत ‘सहा ते आठ’चा चौकोन आला, की अडायला होतं. सहाजण असतील तर खोलीमागे तीन, दाटी नाही. सात किंवा आठ असतील तर दाटी. अशा चौकोनाला पिवळा रंग द्या. तीन खोल्यांतल्या ‘नऊ किंवा जास्त’चंही तसंच. नऊ असतील तर सुटले, दहा झाले की अडकले. चार, पाच आणि सहा खोल्यांसमोरचा ‘नऊ किंवा जास्त’ही पिवळाच, कारण आत तेरा आहेत की वीस, ते तक्ता सांगत नाही. शेवटी लालची बेरीज म्हणजे किमान दाटी, लाल अधिक पिवळा म्हणजे कमाल. दोन्ही छापा. मधला आकडा स्वतःच्या मनानं काढायचा मोह टाळा.

शिल्लक खोल्यांसाठी मी दोन कसोट्या ठेवतो. सैल कसोटी: माणसांपेक्षा खोल्या जास्त. एकट्याला दोन, दोघांना तीन, याप्रमाणे. पण आपल्या खोल्यांत हॉल धरलेला असतो, हे विसरू नका. दोघं म्हातारे नवरा-बायको दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत असतील, तर त्यांच्या खोल्या तीन, आणि शिल्लक म्हणायची ती मुलगी बाळंतपणाला येते तेव्हाची. म्हणून कडक कसोटी: प्रत्येक माणसाला एक आणि वर बसाय-उठायला एक, एवढं देऊनही खोली उरली पाहिजे. एकट्याला तीन किंवा जास्त, दोघांना चार किंवा जास्त, तिघांना पाच किंवा जास्त, चौघांना सहा किंवा जास्त. हे चौकोन गडद हिरवे. कडक कसोटीत जे येतील, त्यांच्याकडे खोली शिल्लक आहे यावर वाद नको.

इंग्लंडच्या ६८.८ टक्क्यांशी या आकड्याची तुलना करू नका. त्यांच्या खोल्या झोपायच्या, आपल्या राहण्याच्या.

रिकामं घर म्हणजे शिल्लक खोली नव्हे

ही गल्लत वर्तमानपत्रांतही होते. २०११ ला देशात २.४६ कोटी घरं रिकामी नोंदली गेली, त्यातली १.१ कोटींच्या वर शहरांत. मुंबईत सुमारे ४.८ लाख. पण ही जनगणनेची ‘घरं’ आहेत. ज्याला स्वतंत्र दार आहे आणि जे वेगळं एकक म्हणून वापरतात, ते जनगणनेत घर, मग तो चाळीतला गाळा का असेना. या घरांत कोणतंच कुटुंब राहत नसल्यामुळे ती खोल्यांच्या तक्त्यात येतच नाहीत. शिल्लक खोली राहत्या घरात असते. दोन्हींची बेरीज करू नका, दोन वेगळ्या ओळींत लिहा.

कोकणात हा फरक डोळ्यांनी दिसतो. गणपतीत आणि मे महिन्यात उघडणारं, एरवी कुलपातलं चौसोपी घर ‘रिकामं’ या खात्यात जाऊ शकतं. शेजारच्या तशाच घरात एकटी म्हातारी दिवा लावत असेल, तर ते राहतं घर आणि तिच्या नावावर पाच-सहा खोल्या. राज्यातली घरयादी २०१० च्या मे महिन्यात सुरू झाली होती. म्हणजे नेमकी चाकरमानी गावात असतानाच. कोकणातल्या गावांचे आकडे वाचताना हे मनाशी असू द्या.

तुलना करताना

२००१ शी तुलना करायची असेल तर खोल्यांबरोबर माणसंही बघा. एका खोलीची कुटुंबं ३८.५ वरून ३७.१ टक्क्यांवर आली, पण स्वतंत्र खोली नसलेली ३.१ वरून ३.९ वर गेली, आणि सहा किंवा जास्त खोल्यांची ३.७ वरून २.८ वर उतरली. याच दहा वर्षांत नऊ किंवा जास्त माणसांची कुटुंबं ९.३ वरून ६.६ टक्के झाली. मोठी कुटुंबं विभागली की चुली वाढतात, खोल्या त्याच राहतात आणि वाटणीत शून्यवाले वाढू शकतात. हे माझं वाचन, तक्ता स्वतः कारण सांगत नाही.

हद्दी तपासा. २०११ च्या ठाणे जिल्ह्यात पालघर आहे, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जव्हार-मोखाड्यातली घरं आणि घोडबंदर रोडवरचे फ्लॅट एकाच टक्केवारीत मिसळलेले आहेत. जनगणनेचे वॉर्ड आणि आजचे निवडणुकीचे प्रभाग एकच धरून चालू नका.

आणि दुसऱ्या झऱ्याचं पाणी चाखून बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात झोपायला किती खोल्या वापरता, असं विचारतात. तिथं ओट्याखालची आजी मोजली जाते. नमुना पाहणी असल्यानं ती वॉर्डापर्यंत उतरत नाही, पण राज्याचा आकडा ताडून बघायला पुरेशी आहे.

लिहायचं कसं

एक वाक्य पुरतं: ‘२०११ च्या जनगणनेनुसार, राहण्याच्या एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं किंवा स्वतंत्र खोलीच नाही, अशी या भागातली कुटुंबं किमान इतकी आणि कमाल इतकी टक्के.’ यात वर्ष आहे, व्याख्या आहे, शून्यवाले आहेत, दोन्ही मर्यादा आहेत. यातलं काहीही गाळलं तर वाचणारा उरलेलं स्वतःच्या मनानं भरतो.

पुढच्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आणि घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ ठरला. या वेळी नोंद मोबाईलवर आणि स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय. म्हणजे खोल्यांचा आकडा काही घरांत प्रगणकाऐवजी घरातलंच कोणीतरी टाकणार. तुमच्या घरी ते काम तुमच्याकडे आलं, तर आकडा टाकण्याआधी रात्री अंथरुणं कुठं कुठं पडतात ते आठवा. पोटमाळ्याला टेप लावा. आणि स्वयंपाकघरात कोणी झोपतं का, ते आजीलाच विचारा.